सत्तेचाळीस नंबरची विरळणी

झेनोन मार्चमध्ये गेला आणि एप्रिलच्या शेवटी मी त्याच्या बागेत बीट पेरलं. पेरायची मला परवानगी नव्हती. फाटकावर बागांच्या समितीने चिठ्ठी डकवली होती: सत्तेचाळीस नंबरची बाग कोणाच्या नावे करायची याचा निर्णय होईपर्यंत आत कोणीही कसलंही काम करू नये. मी ती नीट वाचली, घडी घालून कोटाच्या खिशात टाकली आणि कुलूप उघडलं. बी आदल्या दिवशीच कोमट पाण्यात भिजत घातलं होतं. एकदा भिजलेल्या बियाला समितीच्या बैठकीची तारीख सांगून काही उपयोग नसतो.

बारा ओळी टाकल्या. दोन ओळींमध्ये पावलाएवढं अंतर आणि मध्येमध्ये मुळ्याचं बी, म्हणजे बीट उगवायच्या आधी ओळ कुठे आहे ते दिसतं. गुडघे बोलायला लागले तेव्हा बादली पालथी घालून तिच्यावर बसले. झेनोनची खोपटी समोरच होती, खिडकीत त्याची टोपी अजून तशीच. मी रडले नाही. राग आला होता, आणि रागात मला रडू येत नाही.

तिसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. कुझावा त्यांचं नाव. नऊ वर्षं झाली अध्यक्ष होऊन, पण फाइल काखेत अशी धरतात की जणू आजच नेमणूक झाली.

"लुडविकाबाई, हे कोणी पेरलं?"

"झेनोनने."

"झेनोन मार्चमध्ये वारला."

"हो, पण बारा ओळी लावायचं त्याने शरदातच कबूल केलं होतं. शब्दाचा पक्का माणूस होता."

"मी थट्टा करत नाहीये."

"मग मी तरी कुठे करतेय? बाजूला व्हा जरा, तुमचा बूट चौथ्या ओळीवर आहे."

ते बाजूला झाले, हे मात्र खरं. बीट तुडवायची हिंमत आमच्या कोनिन शहरात अजून कोणाची नाही.

या बागा रेल्वेच्या रुळांमागे आहेत. जमीन बागवाल्यांच्या संघाची आणि बाग ज्याच्या नावावर त्याची, तो असेपर्यंत. झेनोन सिग्नलवर कामाला होता, त्याला बाग तरुणपणीच मिळाली. मी पोस्टात पत्रं निवडायचे. आम्ही एकोणीस वर्षं एकत्र राहिलो, लग्नाशिवाय. लग्न मी एकदा केलं होतं आणि तेवढं मला जन्माला पुरलं. झेनोनने मला तीनदा विचारलं, तीनदा मी नाही म्हटलं. चौथ्या वेळी त्याने विचारायच्या ऐवजी स्वयंपाकघराला रंग दिला, आणि विषय संपला.

तो संपलेला विषय आता कागदावर पुन्हा उभा राहिला. नियम असा की माणूस गेला की त्याच्या बागेवर पहिला हक्क रक्ताच्या माणसाचा. पण त्याने त्या बागेत मयताबरोबर काम केलेलं असलं पाहिजे. तसं कोणी नसेल तर समिती अर्जांच्या क्रमाने बाग देते. पहिला अर्ज माझा होता. माझ्या वाटेत एकच माणूस उभा होता, झेनोनचा मुलगा आर्कादिउश. आरेक म्हणतात त्याला. पंचेचाळिशीचा, न्हाणीघराच्या फरशा विकतो. बापाच्या अंत्यविधीला त्याने माझ्याशी हात मिळवला तो तिकीट तपासनिसाशी मिळवावा तसा. त्याच्या बायकोला बागेत हिरवळ हवी होती, कडेने थुजाची झाडं आणि मधोमध निळा प्लास्टिकचा तलाव. तिने हे शेजारच्या बागेतल्या तेओफिलाबाईंना सांगितलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत दोनशे बागांना कळलं.

अर्ज भरायला मी कचेरीत गेले तेव्हा सेक्रेटरी मिरेला खुर्चीत बसून नखं सुकवत होती. नात्याच्या रकान्यात तिने मला न विचारता लिहिलं: कोंकुबिना.

कायद्याच्या भाषेत लग्नाशिवाय राहणाऱ्या बाईला हेच म्हणतात, मला ठाऊक आहे. पण हा शब्द आमच्याकडे भेटतो तो वर्तमानपत्राच्या गुन्ह्यांच्या पानावर. दारू पिऊन कोणी कोणाला तवा मारला की तो मारणारी, नाहीतर खाणारी, कोंकुबिना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे खोड," मी म्हटलं.

"मग काय लिहू? बायको नव्हतात तुम्ही."

"पेन दे इकडे."

मी तो शब्द तीन रेघा मारून खोडला आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: कारभारीण. मिरेला म्हणाली, असं नातं यादीत नाही. मी म्हटलं, यादी जुनी झालीय, नवी करा. तिने शिक्का मारला, कारण नखं सुकली होती आणि तिला घरी जायचं होतं.

मे महिन्यात बीट उगवलं. बिटाचं बी म्हणजे एक बी नसतं, ती गाठ असते. एका गाठीतून तीन-चार रोपं एकमेकांना चिकटून वर येतात आणि ढकलाढकली करतात. म्हणून विरळणी करावीच लागते, नाहीतर नुसती पानं. मेच्या मध्यावर गारठ्याच्या संतांचे तीन दिवस असतात, गेलेली थंडी परत फिरते, तेव्हा मी घरातले सगळे जुने पडदे आणून वाफ्यांवर अंथरले. कुझावांनी लांबून पाहिलं आणि वहीत काहीतरी टिपलं. टिपू देत. माझ्या बिटाला हिमाचा कण लागला नाही.

जूनच्या मध्यावर समिती पाहणीला आली. कुझावा, मिरेला, दोन सभासद, ज्यांची नावं मला कधीच लक्षात राहत नाहीत, आणि साक्षीला शेजारच्या सेहेचाळीस नंबरच्या तेओफिलाबाई. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, बारा वर्षांपूर्वी इथे बाग घेतली, आणि तेव्हापासून कुंपणापलीकडून आमच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघणं हा त्यांचा मुख्य उद्योग. सर्वांच्या मागून आरेक आला. पांढरी पँट घालून. बागेत येताना!

कुझावांनी विचारलं, "आर्कादिउश, तुम्ही वडिलांबरोबर या बागेत काम केलंय?"

"केलंय."

"केलंय?" मी म्हटलं. "एकोणीस वर्षांत तुला या फाटकाच्या आत आलेलं मी पाहिलेलं नाही. नाताळला घराबाहेर गाडी उभी करून भोंगा वाजवायचास, झेनोन बिचारा पिशवी घेऊन तुझ्याकडे धावायचा. बीट जमिनीत येतं की झाडाला लागतं ते तरी माहीत आहे का तुला?"

"लुडविकाबाई, शांत व्हा," कुझावा म्हणाले.

"मी शांतच आहे. मी चिडले की तुम्हाला कळेल." मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं. "ह्या बिटाची विरळणी याच आठवड्यात करायची आहे. त्याला म्हणावं एक ओळ करून दाखव. झेनोन करायचा तशी. केलीस ना, तर ही चावी तुझी. मी एक शब्द बोलणार नाही."

चावी मी गळ्यातल्या दोरीतून काढून सर्वांना दिसेल अशी धरली. दोन सभासदांना मजा वाटायला लागली. कुझावांनाही ते बरं वाटलं असणार, निर्णय बिटावर ढकलला की त्यांना घ्यायला नको.

आरेक पांढऱ्या पँटसकट पहिल्या ओळीशी गुडघ्यांवर बसला. मी मनात म्हटलं, आता बघा गंमत. मूठभर धरेल आणि उपटेल.

तो म्हणाला, "आधी पाणी."

मला तेव्हाच काहीतरी टोचलं. त्याने झारी भरून आणली, ओळीवर फिरवली आणि पाणी मुरेपर्यंत गप्प बसून राहिला. मग डाव्या हाताची दोन बोटं ठेवायच्या रोपाच्या दोन्ही बाजूंना मातीत दाबली, उजव्या हाताने शेजारचं रोप मानेशी धरलं आणि किंचित पीळ देऊन सरळ वर काढलं. राहिलेलं रोप हललंसुद्धा नाही. पुढची गाठ. पुन्हा दोन बोटं, पुन्हा तो पीळ. झेनोनचे हात असेच चालायचे. तीन महिन्यांनी मी ते हात पाहत होते, आणि ते या फरशीवाल्याच्या मनगटांना जोडलेले होते.

"चुकलं!" तेओफिलाबाई कुंपणाला धरून ओरडल्या.

आरेक थांबला. "काय चुकलं?"

"लहान कशाला काढतोयस? झेनोन आधी मोठी काढायचा. मोठी सूप शिजवायला आणि लहान ठेवायची, त्यांना जागा मिळाली की तीही फुगतात. बारा वर्षं बघतेय मी. सगळ्या बागांत तो एकटाच असा उलटा होता."

"खरंय," एक सभासद म्हणाला. "मला पण त्याने हेच शिकवलं. मोठी आधी."

"मला पण," दुसरा म्हणाला.

आरेकने हातातलं रोप खाली ठेवलं. "बाबांनी मला असंच शिकवलंय. मी सात वर्षांचा होतो. दुबळं काढायचं, दणकट ठेवायचं."

"इंटरनेटवर असेल असं," मिरेला म्हणाली आणि सगळे हसले. कुझावांनी पेन काढलं. "म्हणजे प्रश्न मिटला. संबंधित व्यक्तीला मयताच्या कामाची पद्धत माहीत नसल्याचं…" असं काहीतरी पुटपुटत ते लिहायला लागले. पँटच्या गुडघ्यांवर चिखलाचे दोन गोल घेऊन आरेक तसाच बसून होता. त्याचे कान लाल झाले होते. झेनोनचेही व्हायचे.

मी जिंकले होते. बाग माझी झाली होती. मला काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती, आणि तिथे उभ्या असलेल्यांपैकी ती फक्त मलाच ठाऊक होती. झेनोन पूर्वी लहानच काढायचा. आमच्या पहिल्या उन्हाळ्यात तो याच ओळीत बसून लहान रोपं उपटून मागे फेकत होता, आणि मी त्याला म्हटलं होतं, हा काय न्याय आहे रे? ज्याला जागाच मिळाली नाही त्याला दुबळं ठरवून फेकतोस? मोठी खाऊन टाकू आपण, त्यांचं झालं आहे. या लहानांना जागा दे आणि मग बोल. दोन दिवस भांडलो आम्ही. अर्धी ओळ त्याने त्याच्या पद्धतीने केली, अर्धी मी माझ्या. जूनभर आम्ही माझ्या अर्ध्या ओळीची बोत्विंका खाल्ली, कोवळ्या बिटांचं पानांसकट सूप, वर शेपू आणि साय. शरदात माझ्या अर्ध्या ओळीतलं बीट त्याच्याएवढंच भरलं. तो पुढच्या वर्षी मुकाट्याने मोठी काढायला लागला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी हा आपलाच शोध आहे असं लोकांना सांगायला लागला. मी सांगू दिलं.

गप्प बस, मी स्वतःला म्हटलं. त्या पोराने तुझ्याशी एकोणीस वर्षांत एकोणीस वाक्यं बोललेली नाहीत. तो इथे निळा तलाव आणून ठेवील. गप्प बस लुडविका, आयुष्यात एकदा तरी गप्प बस.

मला ते कधी जमलेलं नाही. आणि मुख्य म्हणजे, ते सगळे हसत होते. झेनोनच्या हातांना हसत होते, आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

"तो बरोबर करतोय," मी म्हटलं.

कुझावांचं पेन थांबलं. "काय?"

"झेनोन असंच करायचा. मी येण्याच्या आधी. मोठी आधी काढायची ही पद्धत माझी आहे, त्याची नव्हे. तुम्ही सगळे त्याच्याकडून जे शिकलात ते माझं आहे. या मुलाला जे येतं ते झेनोनचं आहे. त्याने बापाबरोबर काम केलेलं आहे, लिहा तसं."

"लुडविकाबाई, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला समजतंय ना?"

"मला एकदा बोललं की समजतं. तुम्हाला दोनदा सांगावं लागतं."

तेओफिलाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं वेडे!" त्या म्हणाल्या. मी चावी आरेकच्या पुढ्यात मातीवर टाकली. हातात दिली नाही, तेवढी मी भली नाही.

समितीने कागदावर सह्या केल्या आणि ती पुढच्या बागेचं कुंपण मोजायला गेली. मी बादली उचलली, खोपटीच्या खिडकीतली टोपी काढून बादलीत ठेवली. आरेक अजून मातीतच होता.

"का सांगितलंत?" त्याने विचारलं.

"खरं होतं म्हणून. तुझ्यासाठी नाही सांगितलं, उगाच आभार मानू नकोस. आणि इथे तलाव बसवलास तर मी येऊन त्याला भोक पाडीन, हेही आत्ताच सांगून ठेवते."

तो हसला नाही. "तुम्ही आलात त्या वर्षी आई फेब्रुवारीत गेली," तो म्हणाला. "मी जूनमध्ये बाबांना विरळणीला मदत करायला आलो होतो. दरवर्षी यायचो. फाटकातून पाहिलं तर आई जिथे बसायची तिथे तुम्ही बसला होतात. भांडत होतात बाबांशी, मोठमोठ्याने. आणि बाबा ऐकून घेत होते. मी परत गेलो."

"हाक मारायचीस."

"काय म्हणून हाक मारायची होती?"

त्याच्या आईच्या जागी बसले म्हणून मी माफी मागणार नव्हते, मागितलीही नाही. ती जागा रिकामी होती आणि तिथे बीट होतं. पण फाटकाशी कोणी उभं होतं हे मला माहीत नव्हतं, आणि ते ऐकून मला वाईट वाटलं. तसं मी त्याला सांगितलं, याच शब्दांत.

त्याने मान हलवली. मग ओळीकडे बघत म्हणाला, "खरंच बदलले ते? आई वीस वर्षं सांगत होती की ते कपाट दुसऱ्या भिंतीला लावा. नाही लावलं."

"माझ्यासाठीही नाही लावलं. ते अजून तिथेच आहे, रोज माझा अंगठा आपटतो त्याला. बदललं ते फक्त बीट."

यावर मात्र त्याला हसू आलं. त्याने मातीतली चावी उचलली, पँटला पुसली, नाहीतरी त्या पँटचं आता काही उरलं नव्हतं, आणि माझ्यापुढे धरली.

"मी भीक घेत नाही," मी म्हटलं.

"भीक नाही. मला मोठी काढता येत नाहीत. मोठं ओढलं की लहान त्याच्याबरोबर वर येतं. आत्ता करून बघितलं."

मी पाहिलं. खरंच दोन लहान रोपं मुळांसकट उलटी पडली होती. "असं ओढल्यावर येणारच. बायकोला काय सांगशील?"

"सांगेन, ऑक्टोबरपर्यंत बीट निघत नाही."

"आणि ऑक्टोबरनंतर?"

"ऑक्टोबरनंतर तुम्ही लसूण लावाल. मला काय विचारताय?"

मी चावी घेतली. बादली पालथी घातली आणि त्याच्या समोर, ओळीच्या पलीकडे बसले. त्याचा हात धरून दोन बोटं कुठे दाबायची ते दाखवलं. मोठ्याच्या बाजूला नाही, लहानाच्या, आणि जरा जास्त खोल. कुझावांनी पुढच्या कुंपणावरून ते पाहिलं आणि फाइल हलवत ओरडले, "लुडविकाबाई! निर्णय झालाय! नियमाप्रमाणे या बागेत आता तुमचं काहीही काम नाही!"

"कसं नाही?" मी ओरडले, आणि ओळीतलं सगळ्यात मोठं रोप मानेशी धरून वर काढलं. "अकरा ओळी बाकी आहेत!"